मौनाला शिक्षा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याकडे कळत्या वयापासून कानावर पडते. त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे: तारखांवर तारखा, वकिलाची फी, बांधाच्या दाव्यापायी विकलेली शेते. नोकरी-शिक्षणासाठी लंडन, स्लाऊ किंवा लेस्टरला जाणारा मराठी माणूस हे शहाणपण बरोबर घेऊन जातो. तिथे त्याची गाठ पडते ती पायरीच नसलेल्या एका कोर्टाशी. हे कोर्ट दाराला असलेल्या टपालाच्या फटीतून लिफाफा होऊन घरात पडते. साक्षीदाराचा पिंजरा नाही, समोर वकील नाही, पुकारा नाही. फॉर्म भरायचा आणि २१ दिवसांत परत पाठवायचा. जो पाठवत नाही, त्याच्या गैरहजेरीत निकाल लागतो आणि तो गुन्हेगार ठरतो. गुन्हा काय, तर टीव्हीचे लायसन्स नसणे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. या लायसन्सच्या पैशावर चालणाऱ्या बीबीसीसारख्या संस्थेला लोकांनी पैसे दिले पाहिजेत, असे मी मानतो. पण ते फौजदारी कायद्याचा बडगा दाखवून वसूल करणे गैर आहे. ज्या रीतीने ते आज वसूल होतात, त्या रीतीला न्याय म्हणणे तर त्याहून गैर. आणि तरीही, ही रीत चालू आहे तोवर त्या लिफाफ्याला उत्तर न देण्याइतकी मोठी चूक दुसरी नाही.

ब्रिटनच्या २००३च्या कम्युनिकेशन्स ॲक्टच्या कलम ३६३ प्रमाणे लायसन्सशिवाय टीव्ही बसवणे किंवा वापरणे हा गुन्हा आहे. त्याला १००० पौंडांपर्यंत दंड होतो. या गुन्ह्यासाठी तुरुंग नाही, पण झालेला दंड मुद्दाम चुकवला तर त्यापायी तुरुंग होऊ शकतो. एप्रिल २०२५ पासून लायसन्सची वर्षाची फी १७४.५० पौंड झाली. कृष्णधवल टीव्हीचे स्वस्त लायसन्स त्या वेळीही ५८.५० पौंडांना मिळत होते, यावरून या व्यवस्थेचे वय लक्षात यावे.

लायसन्स कशाला लागते, इथे बहुतेकांची गल्लत होते. ‘मी बीबीसी बघतच नाही’ हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. कोणत्याही देशाची, कोणत्याही भाषेची वाहिनी तिच्या प्रक्षेपणाच्या वेळी थेट पाहिली, मग ती टीव्हीवर असो, लॅपटॉपवर असो की मोबाइलवर, तर लायसन्स हवे. मुंबईची मराठी वृत्तवाहिनी लंडनच्या खोलीत थेट लावली तरी हवे, क्रिकेटचा सामना थेट पाहिला तरी हवे. बीबीसीच्या आयप्लेयरवरचे जुने कार्यक्रम पाहायला पूर्वी लागत नसे. ती पळवाट १ सप्टेंबर २०१६ पासून बंद झाली. नेटफ्लिक्सवर जुना सिनेमा पाहिला तर मात्र काही लागत नाही. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला खोलीचे वेगळे लायसन्स काढावे लागते. सवलत एवढीच, की आईवडिलांच्या घरी लायसन्स असेल आणि पोराचे यंत्र विजेच्या बटणाला न जोडता स्वतःच्या बॅटरीवर चालत असेल, तर ते लायसन्स त्याला पुरते. कोल्हापूरचे घर या हिशेबात धरले जात नाही.

ही व्यवस्था अगदीच बिनबुडाची नाही. १९२२ मध्ये रेडिओसाठी दहा शिलिंगांचे लायसन्स आले, जून १९४६ मध्ये टीव्हीसाठी दोन पौंडांचे. वीजबिल थकले तर वीज तोडता येते, नळपट्टी थकली तर निदान नोटीस लावता येते. हवेतून येणारे प्रक्षेपण एका घरापुरते तोडणार कसे? तोडता येत नाही म्हणून धाक हवा, आणि धाक हवा म्हणून फौजदारी कायदा. १९५२ पासून छपरावर अँटेना लावलेल्या शोधगाड्या रस्त्यांवरून फिरू लागल्या त्याही धाक म्हणूनच. पकडण्यापेक्षा घाबरवण्यात त्यांचा उपयोग जास्त झाला असावा असे मला वाटते, कारण असल्या गाडीने गोळा केलेला पुरावा कोर्टात मांडला गेल्याचे फारसे ऐकिवात नाही.

मग खटले उभे राहतात कशावर? दार उघडणाऱ्याच्या जबाबावर. वसुलीचे काम बीबीसीच्या वतीने खासगी कंत्राटदार करतो. त्याचा माणूस दारावर येतो. वॉरंट नसेल तर घरात पाऊल टाकण्याचा त्याला कसलाही हक्क नाही, आणि वॉरंट क्वचितच काढले जाते. घरच्यांनी दार न उघडता किंवा एक शब्द न बोलता त्याला परत पाठवले, तर त्याच्या हाती काही लागत नाही. पण लोक दार उघडतात. तो विचारतो, घरात टीव्ही आहे का? शेवटचा कधी लावला? काय पाहिले? उत्तरे फॉर्मवर लिहून घेतो आणि खाली सही मागतो. कडेवर मूल, गॅसवर दूध आणि दारात ओळखपत्र गळ्यात घातलेला परका माणूस, अशा वेळी बाई सही करून मोकळी होते. पुढचा सगळा खटला त्या सहीवर चालतो.

‘बाई’ मी उगाच म्हटले नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१९ साली या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांपैकी ७४ टक्के स्त्रिया होत्या. त्याहून अंगावर येणारा आकडा पुढे आहे. त्या वर्षी सर्व प्रकारच्या गुन्ह्यांत मिळून जेवढ्या स्त्रियांना शिक्षा झाल्या, त्यातल्या ३० टक्के टीव्ही लायसन्सच्या होत्या. पुरुषांच्या बाबतीत हे प्रमाण ४ टक्के. चोरी, मारामारी, अमली पदार्थ, सगळे मागे टाकून एका देशातला स्त्रियांचा सर्वांत मोठा ‘गुन्हा’ टीव्ही बघणे हा होता. लायसन्स घराचे असते, घरातले सगळे मिळून टीव्ही बघतात, पण गुन्हेगार एकच ठरतो: दुपारी घरी असलेला, दाराशी गेलेला आणि खरे बोललेला. नवरा कामावर, भाऊ कॉलेजात, शेजारच्या खोलीतला भाडेकरू रात्रपाळी करून झोपलेला. नाव लागते ते हिचे.

बीबीसीने या तफावतीचा दोनदा आढावा घेतला, २०१७ मध्ये आणि २०२३ मध्ये. निष्कर्ष असा की भेदभाव करण्याचा कोणाचा हेतू नाही. एकटीने घर चालवणाऱ्या स्त्रिया जास्त आहेत, दिवसा घरी स्त्रिया जास्त असतात, दार त्या जास्त उघडतात. हे सगळे खरे असेल. पण हेतू विचारला कोणी होता? पावसाचे पाणी नेहमी एकाच झोपडीत शिरत असेल तर ढगाचा हेतू तपासून काय मिळणार, उतार तपासायला हवा. दारावरच्या कबुलीवर उभा असलेला कायदा गरिबाकडे आणि बाईकडेच उतरणार. श्रीमंताचा हप्ता बँकेतून परस्पर जातो. ज्याला नव्याने हप्त्याने भरायचे आहे, त्याला मात्र सर्वसाधारण योजनेत पहिल्या वर्षाची पूर्ण रक्कम सहा महिन्यांतच फेडावी लागते, म्हणजे २०२५च्या फीप्रमाणे महिना सुमारे २९ पौंड. तंगीत असलेल्यांसाठी कमी हप्त्याची सोय आता आहे, पण ती मागावी लागते, आणि मागायला आधी माहीत असावी लागते.

इथवरचे अन्याय जुने आहेत. २०१५च्या एका कायद्याने त्यात नवी भर घातली. तिचे नाव सिंगल जस्टिस प्रोसिजर. किरकोळ गुन्ह्यांसाठी पूर्ण कोर्ट भरवण्याची गरज नाही, एक मॅजिस्ट्रेट आणि त्याच्या मदतीला एक कायदा सल्लागार पुरे, असे ठरले. हा मॅजिस्ट्रेट बहुधा बिनपगारी स्वयंसेवक असतो, कायद्याची पदवी असलीच पाहिजे असे नाही. आरोपी समोर नाही. फिर्यादी पक्षाचा कोणी नाही. लोकांना बसायला बाक नाहीत. कागद येतात, काही मिनिटांत निकाल होतो, पुढचा कागद.

नोटीस साध्या टपालाने पाठवली तरी ती पोचली असे कायदा धरून चालतो. भाड्याच्या घरात राहणारी, वर्षातून दोनदा पत्ता बदलणारी माणसे, सहा जणांत एक टपालपेटी वापरणारी माणसे, इंग्रजी जेमतेम येणारी माणसे, दवाखान्यात असलेली माणसे, सगळ्यांना एकच नियम. शिवाय वसुलीवाल्यांची स्वतःची पत्रे त्याआधी वर्षभर येतच असतात: ‘घरातील कायदेशीर रहिवाशास’ अशा बिननावी मायन्याची, चौकशी सुरू झाल्याचा इशारा देणारी. ज्यांच्या घरी टीव्हीच नाही त्यांनाही ती येतात. लोक ती न फोडता टाकायला शिकतात, आणि मग एक दिवस लांडगा खरोखर येतो. फरक इतकाच की या वेळी पत्रावर नाव असते.

उत्तर न देणाऱ्याला हे मौन केवढ्याला पडते, याचा हिशेब मांडून पाहावा. दंड आठवड्याच्या कमाईवर ठरतो. कमाई कळवलीच नाही तर कोर्ट ती गृहीत धरते. हा गृहीत आकडा बराच काळ ४४० पौंड होता, आणि सरकारी भत्त्यावर जगणाऱ्यासाठी १२०. समजा, एका आठवड्याच्या कमाईइतका दंड झाला. भत्त्यावर जगणाऱ्या बाईने गुन्हा वेळेवर कबूल करून कमाई लिहून पाठवली, तर १२० मधून कबुलीची एक तृतीयांश सूट जाऊन ८० पौंड. तीच बाई गप्प राहिली तर ४४०. त्यावर ४० टक्के अधिभार, त्यावर खटल्याचा खर्च. दोन्ही वेळा गुन्हा तोच, घर तेच, पैसे नसणे तेच. जो माणूस लिफाफे फोडायलाच घाबरतो तो सहसा पैसेवाला नसतो, हे कोणत्याही सावकाराला ठाऊक असते. या पद्धतीला ते ठाऊक नाही.

बरे, ज्यांनी उत्तर दिले त्यांचे तरी कोणी वाचले का? ‘इव्हनिंग स्टँडर्ड’चे पत्रकार ट्रिस्टन कर्क यांनी ही कागदपत्रे मिळवून वाचण्याचा नाद लावून घेतला. आजारपण, स्मृतिभ्रंश, घरातला मृत्यू यांविषयी लोकांनी पोटतिडकीने लिहिलेली पत्रे फायलींत होती. खटला भरणाऱ्या संस्थेचा माणूस त्या खोलीत नसतोच, त्यामुळे अशी पत्रे त्याच्या नजरेस न पडताच निकाल लागत. खटला मागे घेण्याचा अधिकार ज्याच्याकडे, त्याला कारण कळत नाही. आणि ज्याला कारण कळते, त्याच्यापुढे कागदांचा गठ्ठा असतो. मार्च २०२४ मध्ये मॅजिस्ट्रेटांच्या संघटनेनेच या पद्धतीत सुधारणा मागितल्या. न्यायदान करणारेच म्हणू लागले की हे बरोबर नाही.

तरीही कोणाला वाटेल की शे-दोनशे पौंडांच्या दंडासाठी एवढा काथ्याकूट कशाला. त्याला रेल्वेचे उत्तर आहे. याच पद्धतीने काही रेल्वे कंपन्या विनातिकीट प्रवाशांवर वर्षानुवर्षे खटले भरत होत्या. ज्या जुन्या कायद्याखाली ते भरले, त्यातले खटले या पद्धतीने चालवायची परवानगीच नव्हती, हे उशिरा लक्षात आले. ऑगस्ट २०२४ मध्ये चीफ मॅजिस्ट्रेट पॉल गोल्डस्प्रिंग यांनी असे सुमारे ७४,००० खटले रद्दबातल ठरवले. एवढे निकाल लागले आणि एकाही खोलीत ‘साहेब, हा कायदा इथे लागूच होत नाही’ म्हणायला वकील उभा नव्हता. खुले कोर्ट हा इंग्रजी कायद्याचा अभिमान. आपणही तो त्यांच्याकडूनच घेतला. बंद दाराआड झालेली चूक चूक म्हणून ओळखायलाच कोणी नसते, एवढ्यासाठी ते खुले ठेवायचे असते.

आता दुसरी बाजू, आणि ती कच्ची नाही. २०१५ मध्ये डेव्हिड पेरी या ज्येष्ठ विधिज्ञांनी सरकारसाठी या प्रश्नाचा अभ्यास केला आणि सध्याच्या व्यवस्थेत तरी हा गुन्हा फौजदारीच राहू द्यावा अशी शिफारस केली. फौजदारीतून काढून दिवाणी केले तर थकबाकी हे साधे कर्ज होते. कर्ज म्हटले की दिवाणी हुकूमनामा, जप्तीवाले, पत बिघडणे. मॅजिस्ट्रेट दंड ठरवताना कमाई बघतो, सावकारी वसुली कमाई बघत नाही. म्हणजे ज्या गरिबासाठी फौजदारी काढा म्हणायचे, त्याच्याच दारात जप्तीवाला उभा राहणार. सरकारने २०२० मध्ये पुन्हा लोकांची मते मागवली आणि जानेवारी २०२१ मध्ये कायदा तूर्त आहे तसा ठेवला, त्यामागेही अशीच भीती होती.

मला हा युक्तिवाद पटतो, पण अर्धाच. आगीतून फुफाट्यात नको म्हणून आगीतच राहा, असा त्याचा अर्थ होतो. मुळात ‘टीव्ही बघतोस का’ हा प्रश्न दारावर जाऊन विचारावा लागतो, हीच गोम आहे. जर्मनीने २०१३ पासून तो प्रश्नच बंद केला. टीव्ही असो वा नसो, दर घरामागे ठरावीक वर्गणी, आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना अर्ज केल्यावर माफी. तिथेही थकबाकी सक्तीने वसूल होते, कुरकुरही आहे, पण दारावर जबाब घेणारा माणूस गेला. फिनलंडने २०१३ मध्ये आणि स्वीडनने २०१९ मध्ये हा पैसा कमाईच्या प्रमाणात, वरची मर्यादा घालून, कराबरोबर घ्यायला सुरुवात केली. कमी कमाई, कमी वर्गणी. राजवाड्याला आणि एका खोलीला एकच फी लावणाऱ्या ब्रिटनपेक्षा हे उघडच न्याय्य आहे.

मग सरळ सरकारी तिजोरीतूनच का देऊ नये? फ्रान्सने २०२२ मध्ये लायसन्स फी रद्द करून तेच केले. इथे मराठी वाचकाला वेगळे सांगायची गरज नाही. आपल्याकडेही रेडिओचे लायसन्स होते. पोस्टात रांग लावून पुस्तिकेवर तिकीट चिकटवून घ्यायचे, रेडिओचे वर्षाला १५ रुपये आणि टीव्हीचे ५०, आणि तपासनीस येणार म्हटले की ती पुस्तिका शोधताना घर उलथेपालथे व्हायचे. १९८०च्या दशकाच्या मध्याला ते लायसन्स गेले. लोकांना हायसे वाटले, पण दूरदर्शन सरकारच्या पैशावर आणि जाहिरातींवर जगू लागले. त्याच सुमारास लोक त्याला ‘राजीव दर्शन’ म्हणू लागले. १९९७ मध्ये प्रसार भारती अस्तित्वात आली, कागदावर स्वायत्त. ज्याच्या हाती वाटी, त्याच्याकडे तोंड. लायसन्स फी ही ब्रिटिश माणसाने सरकार आणि बातमी यांच्यामध्ये घातलेली भिंत होती, आणि भिंत म्हणून मला तिचा आदर आहे. भिंतीला भोके आहेत हेही खरे. फी ठरवते सरकारच, आणि २०२२ मध्ये ती दोन वर्षे १५९ पौंडांवर गोठवून त्याने बीबीसीला आपली जागा दाखवून दिली होती.

जाता जाता आपल्याही खिशाकडे पाहायला हवे. बीबीसीची मराठी सेवा २०१७ मध्ये सुरू झाली ती ब्रिटिश सरकारच्या खास अनुदानातून, पण ती ज्या वर्ल्ड सर्व्हिसचा भाग आहे, तिच्या एकूण खर्चाचा मोठा वाटा लायसन्स फीतून जातो. सांगलीत बसून फुकट बातमी वाचणाऱ्याच्या वाट्यात कुठेतरी बर्मिंगहॅमच्या एखाद्या एकट्या आईच्या लायसन्सचे पैसे आहेत.

हे सगळे बदलेल तेव्हा बदलेल. ज्याच्या हातात आज नोटीस आहे त्याने काय करायचे? तत्त्वासाठी गप्प बसू नका, कारण तिथे गप्प बसणे निषेध म्हणून कोणी मोजत नाही. फॉर्मवर तीन वाटा असतात: गुन्हा कबूल, कबूल पण कोर्टापुढे बोलायचे आहे, नाकबूल. खरोखर लायसन्स लागत नव्हते तर नाकबूल करा, म्हणजे खटला आपोआप त्या बंद खोलीतून खुल्या कोर्टात येतो आणि समोरच्याला पुरावा मांडावा लागतो. चूक खरी असेल तर कबूल करा, पण कमाईचा फॉर्म भरल्याशिवाय नाही. आजार, बेकारी, घरातली अडचण, सगळे लिहा, आणि तेच पत्र खटला भरणाऱ्यांच्या पत्त्यावरही वेगळे पाठवा, कारण त्यांना ते एरवी दिसेलच असे नाही. दरम्यान लायसन्स काढले असेल तर पावती जोडा. आधीचा गुन्हा त्याने पुसला जात नाही, पण खटला मागे घ्यायला ते कारण ठरू शकते. निकाल आपल्याला न कळताच लागला असेल तर कळल्यापासून २१ दिवसांत तसे शपथेवर सांगता येते आणि खटला पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. सिटिझन्स ॲडव्हाइसमध्ये फुकट सल्ला मिळतो. व्हिसावर असलेल्यांनी तर हे अजिबात हलके घेऊ नये, कारण व्हिसाच्या आणि नागरिकत्वाच्या अर्जात शिक्षेविषयी विचारतात आणि तिथे दंडसुद्धा सांगावा लागतो.

बीबीसीची सध्याची सनद ३१ डिसेंबर २०२७ ला संपते. पुढे पैसा कसा जमवायचा, हे त्याआधी ठरायला हवे. ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणाऱ्या भारतीय नागरिकाला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क आहे, आणि आपल्यातल्या अनेकांनी मतदार यादीत नावही घातलेले नाही. आधी नाव घाला, मग आपल्या खासदाराला लिहा की वर्गणी घ्या, कमाई बघून घ्या, आणि मॅजिस्ट्रेटला या कामातून मोकळे करा.